तोंतोंची बेटं

हाउन्सलोला खोली बघायला गेले, तेव्हा आधी मला तोंडी परीक्षा द्यावी लागली.

"मॉरिशस कुठे आहे?" दारातल्या गृहस्थांनी विचारलं. त्यांच्या हातात किल्ली होती, पण ती माझ्याकडे येण्याची चिन्हं दिसत नव्हती.

मी नागपूरची. कंपनीने लंडनला, हीथ्रोजवळच्या ऑफिसात पाठवलेली. दोन सुटकेसी घेऊन पेव्हमेंटवर उभी होते आणि बूट आतून ओले झाले होते. अशा वेळी भूगोल आठवत नाही.

"आफ्रिकेजवळ," मी म्हटलं.

"किती जवळ?"

"बऱ्यापैकी."

"बऱ्यापैकी!" त्यांनी डोळे मिटून घेतले. "मध्ये मादागास्कर आहे, बाई. अख्खं मादागास्कर! असो. आत या. चहा ग्रहण करा."

फोनवरही त्यांनी मला "कक्ष रिक्त आहे" असंच सांगितलं होतं. मला वाटलं, कोणीतरी पुण्याचा माणूस माझी फिरकी घेतोय. पण ते खरंच तसंच बोलायचे. त्यांच्या आजोबांचे आजोबा कोकणातून बोटीत बसून मॉरिशसला उसाच्या मळ्यावर गेलेले. गावात संध्याकाळी मुलांना मराठी शिकवायचा वर्ग भरायचा, त्याला ते 'बैठका' म्हणत. तिथल्या मास्तरांनी पुस्तकातली मराठी पाठ करून घेतली, घरात आजीने कोकणातली, आणि रस्त्यावर सगळे फ्रेंचमधून घडलेली क्रिओल बोलायचे. त्यामुळे यांच्या एकाच वाक्यात 'स्नानगृह', 'खंय' आणि फ्रेंचसारखं काहीतरी शेजारी शेजारी बसलेलं असे. माझं "मी लेट झाले, ट्रेन कॅन्सल झाली, सो बस घेतली" ऐकलं की ते फार सहानुभूतीने विचारायचे, "तुमच्या नागपुरात मराठी शिकवत नाहीत का?"

काका म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. 'काका' म्हणणारा माणूस पुढच्या वाक्यात काहीतरी मागतो, असा त्यांचा अनुभव होता. क्रिओलमध्ये काकांना 'तोंतों' म्हणतात, म्हणून घरात सगळे त्यांना तोंतों म्हणायचे. सगळे म्हणजे मी आणि वरच्या लॉफ्टमध्ये राहणारा समीर. हा खरोखरच पुण्याचा. लंडनच्या सिटीत, म्हणजे बँकांच्या भागात, एका बँकेत होता आणि प्रत्येक गोष्टीला "टेक्निकली" अशी सुरुवात करायचा.

तोंतों तरुणपणी नर्सिंग शिकायला इंग्लंडला आले आणि मानसिक आजारांच्या हॉस्पिटलमध्ये नर्स म्हणून रिटायर झाले. आयुष्यभर भडकलेल्या माणसांशी शांतपणे बोलल्यामुळे त्यांचा आवाज कधीच चढायचा नाही. घरावरून विमान गेलं की ते वाक्य अर्ध्यात थांबवायचे, एक बोट वर धरायचे, आणि आवाज विरला की पुढच्या शब्दापासून बोलू लागायचे. हाउन्सलोत विमानं काही कमी नाहीत. त्यामुळे त्यांची साधी तक्रारसुद्धा बराच वेळ चालायची.

घरातल्या प्रत्येक खोलीला बेटाचं नाव होतं. त्यांची पुढची मोठी खोली म्हणजे मॉरिशस. समीरचा लॉफ्ट म्हणजे सेशेल्स, कारण उंचावर आणि ऊन छान. स्नानगृह म्हणजे रियुनियन. ते बेट फ्रान्सचं असल्यामुळे तिथले रस्ते आणि नळ उत्तम, आणि घरात नवीन फिटिंग काय ती तिथेच होती. सकाळी आठला तोंतों जिन्यातून विचारायचे, "रियुनियनमध्ये कोण आहे? प्रस्थान करा!" स्वयंपाकघर मादागास्कर. आणि मला मिळालेली बॉक्सरूम म्हणजे रॉड्रिग्ज. पलंग, खिडकी, खुर्चीवर कपडे. दार पूर्ण उघडायचं तर खुर्ची पलंगावर ठेवायला लागे.

"हे एवढंसं बेट आहे?" मी पहिल्या दिवशी विचारलं.

तोंतों कधी नव्हे ते गडबडले. "लहान आहे," एवढंच म्हणाले आणि रेडिएटर बघायला लागले.

रविवारी दुपारी ते आम्हाला जेवायला बसवायचे. भात, मसूर, आणि 'रुगाय' म्हणजे टोमॅटोचा झणझणीत रस्सा. नागपूरच्या माणसालाही नाकातून पाणी येईल असा. जेवण झालं की टेबलावर समुद्र मांडला जाई. लोणच्याची बरणी म्हणजे मादागास्कर, उकडलेले बटाटे म्हणजे बाकीची बेटं. आणि प्रश्न दर रविवारी एकच: आपला प्रदेश कोणता? त्यात कोण येतं आणि कोण येत नाही?

"टेक्निकली," समीर म्हणाला, "याची ऑफिशियल डेफिनिशन असेलच ना?"

"आहे. शास्त्रज्ञ म्हणतात मास्करीन बेटं. मॉरिशस, रियुनियन, रॉड्रिग्ज. समुद्राच्या तळातून ज्वालामुखीने वर ढकललेली तीन भावंडं."

"मग संपला प्रश्न."

"संपला कसा? सेशेल्सचा दगड वेगळा, ज्वालामुखीचा नाही. पण सेशेल्सचा माणूस मला भेटला तर आम्ही आमच्या भाषेत तासभर बोलू शकतो. त्याला बाहेर काढू?"

"मग भाषा धरा," मी म्हटलं. "क्रिओल बोलतात ते सगळे आत."

"मग मादागास्कर गेलं." त्यांनी बरणी बाजूला केली. "आणि आमच्या बेटावरच्या कितीतरी लोकांच्या पणज्या मादागास्करहून आणलेल्या. गुलाम म्हणून. पणजीला बाहेर काढू?"

"वादळं?" समीरने विचारलं. "सायक्लोन जिथे येतात ते सगळे एक."

तोंतोंना हे फार आवडलं. त्यांनी बरणी परत आणली. मग हळूच लॉफ्टच्या दिशेने बघितलं. "पण सेशेल्सला वादळं येत नाहीत. ते विषुववृत्ताला फार जवळ."

"म्हणजे मी परत बाहेर?" समीर म्हणाला. "तोंतों, मी ही नोटीस समजू का?"

मालदीवचं तर दर वेळी पहिल्याच फेरीत डिपॉझिट जप्त व्हायचं. "त्यांना डोंगर नाही," तोंतों म्हणायचे. "डोंगर नाही तर सकाळी दार उघडून बघायचं काय?"

तिथे राहतं कोण, हा त्यांचा दुसरा आवडता विषय. बिहारी, तमिळ, तेलुगू, मराठी, गुजराती मुसलमान, कोपऱ्यावरचा चिनी दुकानदार, आफ्रिकेतून आणि मादागास्करहून आणलेल्यांची लेकरं, फ्रेंच मळेवाले. सगळी नावं बोटांवर घेऊन झाली की ते म्हणायचे, "मूळचा असा एकही नाही. मूळचा होता डोडो. त्याला आल्या आल्या संपवला. त्यामुळे 'तू बाहेरचा' असं म्हणायचा अधिकार तिथे फक्त त्या पक्ष्याला, आणि तो बोलत नाही."

त्या वर्षी गणपतीत मी त्यांना आमच्या मराठी मंडळींच्या कार्यक्रमाला नेलं. शाळेचा हॉल भाड्याने घेतलेला. बायका पैठण्यांवर कार्डिगन घालून आलेल्या, पोरं एकमेकांशी इंग्रजीत भांडत होती. तोंतों पांढरं धोतर आणि वर हिवाळी कोट अशा वेषात आले. सेक्रेटरी अतिशय प्रेमळ गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, "अहो, आपण मूळचे कुठले?"

"कास्काव्हेल."

"नाही, म्हणजे मूळचे?"

"कास्काव्हेल गाव, मॉरिशस. तिथेच जन्मलो."

"हो, पण मूळ, मूळ? रत्नागिरी की सिंधुदुर्ग?"

"ते आजोबांच्या आजोबांना ठाऊक. बोटीत बसताना त्यांनी माझ्याशी चर्चा केली नाही."

लोक हसले. मग आरती सुरू झाली. आमची मंडळी पहिल्या कडव्यानंतर मोबाइलमध्ये बघून म्हणत होती. तोंतोंना मात्र सगळ्या आरत्या पाठ होत्या. चाल थोडी वेगळी, आमच्यापेक्षा संथ, मधे एखादा शब्द आता कोणी वापरत नाही असा. हळूहळू बाकीचे आवाज कमी झाले आणि हॉलभर त्यांचाच आवाज राहिला. शेवटी इथेच जन्मलेली एक पंधरा-सोळा वर्षांची मुलगी त्यांच्याजवळ आली आणि म्हणाली, "अंकल, तुमचा मराठी खूप छान आहे. मला कळली सगळी." तोंतोंनी तिचं लिंग-वचन दुरुस्त केलं नाही. माझं मात्र घरी जाताना बसमध्ये दोनदा केलं.

एवढ्या बोलक्या माणसाच्या आयुष्यात एक न बोलण्याची जागा होती, हे मला गाडीत कळलं. सुपरमार्केट हाय स्ट्रीटवर, चालत जाण्याच्या अंतरावर. तरी शनिवारी तोंतों गाडी काढायचे आणि फेल्टममार्गे भलामोठा वळसा घालून जायचे. तिथल्या एका रस्त्यावर निळ्या दाराचं घर होतं. त्याच्यापुढे गाडी इतकी हळू व्हायची की मागचा हॉर्न द्यायचा.

"इथे कोण राहतं?" मी एकदा विचारलं.

"रॉड्रिग्ज," ते म्हणाले.

"तिथे तर मी राहते."

"तुम्ही खोलीत राहता. ही खरी." आणि मग वरून विमान जात नसतानाही ते गप्प झाले.

पुढचं मला हळूहळू, तुकड्यातुकड्यांनी समजलं. निळ्या दारामागे सोलांज राहायची. ती रॉड्रिग्ज बेटावरची. मॉरिशसपासून पुढे समुद्रात बोटीने दीड-एक दिवस, तेव्हा कुठे ते बेट लागतं. तोंतों आणि ती एकाच वर्षी नर्सिंगला आले. एकाच हॉस्टेलात थंडीने कुडकुडले. तोंतोंच्या बायकोची ती जिवाभावाची मैत्रीण. बायको गेली, तरीही सोलांजचं रविवारचं येणं चालू राहिलं. मग तोंतोंनी खोल्यांना नावं दिली. एके रविवारी मॉरिशसहून कोणी पाहुणे आले होते. त्यांना घर दाखवताना तोंतोंनी बॉक्सरूमचं दार उघडलं आणि म्हणाले, "आणि हे रॉड्रिग्ज. इथे कोणी राहत नाही. फक्त इस्त्रीचं टेबल."

पाहुणे हसले. सोलांज मागेच उभी होती. तिने कोट घातला आणि गेली. मी राहायला आले तोवर त्या गोष्टीला काही वर्षं झाली होती.

"सॉरी म्हणा ना," मी म्हटलं.

"म्हटलं. दारात उभं राहून म्हटलं. ती म्हणाली, इस्त्रीच्या टेबलाला सांग."

मग एका फेब्रुवारीत, शनिवारी सकाळी, मी मादागास्करमध्ये टोस्ट करत असताना तोंतों पायजम्यावरच धावत आले. त्यांच्या फ्रेंच रेडिओवर वादळाची बातमी होती. "तुमचा संगणक उघडा," ते म्हणाले. मी लॅपटॉपवर उपग्रहाचं चित्र काढलं. हिंदी महासागरात एक पांढरी भोवरी फिरत होती, मधे काळा डोळा. मॉरिशस ढगांच्या कडेला सुटलेलं दिसत होतं.

"तुमचं घर सुटलं, तोंतों."

त्यांनी माझं ऐकलंच नाही. पांढऱ्याशुभ्र भागावर एका जागी बोट टेकवलं. "इथे आहे."

"तिथे तर काहीच दिसत नाही."

"तिथे तिचा भाऊ आहे," ते म्हणाले. आणि आवाज न चढवणारा तो माणूस ओरडला, "माझे बूट कुठे आहेत?"

त्यांनी टाय बांधला. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. घरात होती नव्हती ती परदेशी बोलायची सगळी फोन कार्डं गोळा केली. गाडीत बसले, उतरले, परत बसले. "तुम्ही बरोबर या," मला म्हणाले. "तुम्ही तिथे राहता. तुम्हाला ती घालवणार नाही."

निळं दार उघडलं. समोर एक उंच, काळीसावळी, पांढऱ्या केसांची बाई. डोळे रडून लाल. तिने आधी टायकडे बघितलं.

"रस्ता चुकलास?" ती म्हणाली. माझ्यामुळे इंग्रजीत.

"नाही."

"मग?"

"फोन लागला का?"

तिने नाही म्हणून मान हलवली, वळली आणि आत गेली. दार उघडंच ठेवलं. तोंतोंनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांना हलकंसं पुढे ढकललं.

तो अख्खा दिवस आम्ही त्या पुढच्या खोलीत काढला. तोंतों नंबर फिरवायचे, लाइन मेलेली असायची, ते परत फिरवायचे. कार्ड संपलं की दुसरं खरवडायचे. त्यांचा एक भाचा मॉरिशसच्या विमानतळावर कामाला होता. त्याला त्यांनी इतक्या वेळा गाठलं की तो शेवटी "तोंतों, कळलं की मीच करतो" म्हणाला. सोलांज खिडकीशी उभी होती. मी चहा केला. तिने कप हातात घेतला आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"तू कोण?"

"मी त्यांच्या बॉक्सरूममध्ये राहते."

"त्या खोलीत?"

"हो."

"माणूस मावतो?"

"खुर्ची पलंगावर ठेवली तर मावतो."

तिच्या तोंडाचा कोपरा किंचित हलला. मग ती तोंतोंच्या पाठीकडे बघत म्हणाली, "लहान म्हणाला त्याचा राग नव्हता मला. लहान तर आहेच. 'कोणी राहत नाही' म्हणाला."

तोंतोंचं बोट फोनच्या बटणावर थांबलं. ते वळले नाहीत. "मूर्खपणा होता," ते म्हणाले. "हसू आणायला बोललो. माझी बायको असती तर तिथेच मला बाहेर काढलं असतं."

"तिनं नसतं काढलं. ती मला आत ओढून घेऊन आली असती."

"हो. मला ते जमलं नाही."

दुपार कलल्यावर फोन वाजला. भाचा होता. रॉड्रिग्जची एक लाइन सुरू झाली होती. एका शाळेतली, गावातले लोक तिथे आसऱ्याला गेलेले. तोंतोंनी मिळालेला नंबर फिरवला. पलीकडे वाजायला लागलं. त्यांनी रिसीव्हर निखारा असावा तसा सोलांजच्या हातात दिला.

भाऊच होता. ती क्रिओलमध्ये ओरडून बोलत होती. मला शब्द कळत नव्हते, पण पुढचं कळायला भाषा लागली नाही. भाऊ एकेक नाव सांगत होता आणि ती ते मोठ्यांदा म्हणत होती. एकेक शेजारी, एकेक घर. नाव म्हटलं की तोंतोंकडे बघायची आणि तोंतों ते नाव पुन्हा म्हणायचे. आधी ती म्हणायची, मग ते. छपरं उडाली होती, मक्याची पिकं झोपली होती, होड्या रस्त्यावर आल्या होत्या. माणसं सगळी होती. कोण्या म्हातारीचं नाव आलं आणि सोलांज एकदम हसत सुटली. म्हातारी वादळात कोंबड्या घेतल्याशिवाय घराबाहेर पडायला तयार नव्हती आणि आता शाळेच्या वर्गात कोंबड्या अंडी घालत होत्या.

तिने फोन ठेवला, डोळे पुसले. मग सोलांज म्हणाली, "जेवला आहेस का?" तोंतों म्हणाले, "नाही." ती म्हणाली, "टाय काढ मग. कोण मेलंय?"

पुढच्या रविवारी ती आली. तोंतोंनी सकाळपासून घर घासलं होतं आणि तिला चकित करायला नावं बदलली होती. आपली मोठी खोली रॉड्रिग्ज केली होती, आणि माझी बॉक्सरूम मॉरिशस. ती दोन्ही दारांत थांबली आणि म्हणाली, "काय हा पोरकटपणा! बेटं तेवढीच राहतात. परत कर." मग माझ्या पलंगावर बसली, हातांनी गादी दाबून बघितली आणि जाहीर केलं की गादी बदलायलाच हवी, या बेटावर आता वस्ती आहे. सोमवारी नवी गादी आली.

त्या दिवशी टेबलावर पुन्हा समुद्र मांडला गेला. तोंतोंनी नवीन व्याख्या सुरू केली, बटाटे पुढे-मागे केले. सोलांजने थोडा वेळ ऐकलं, मग एक बटाटा उचलून सोलला आणि खाल्ला.

"अगं, ते रियुनियन होतं," तोंतों म्हणाले.

"तू तिथे कधी राहिला आहेस?"

"नाही."

"रॉड्रिग्जला?"

"एकदा गेलो होतो. दोन दिवस. लग्नाला."

"आणि इतकी वर्षं सांगतोयस कोण कुठे येतं! आधी राहून बघ. मग व्याख्या कर." समीर अदबीने म्हणाला, "टेक्निकली, पॉइंट आहे."

मला वाटलं हे हसण्यावारी गेलं. पण मी बेसिंगस्टोकला नव्या कामावर जायच्या आधीच्या उन्हाळ्यात तोंतोंनी घर विकायला काढलं. दोघांनी रजिस्टर ऑफिसात लग्न केलं. तोंतोंनी धोतरावर कोट घातला होता, सोलांजने फुलांची हॅट. मी आणि समीर साक्षीदार. सही करताना समीरचे डोळे भरून आले आणि त्याने त्याचा दोष परागकणांच्या ॲलर्जीला दिला. मग ती दोघं सामानासकट निघून गेली. भावाच्या घराशेजारी नवं छप्पर घालून राहायला.

बेसिंगस्टोकला आमच्या बिझनेस पार्कात एक कृत्रिम तळं होतं आणि त्यात बदकं. मी तिथे बसून सँडविच खात होते, तेव्हा मोबाइल वाजला. लांबचा आवाज, मागे वारा.

"आज मी ऑक्टोपस पकडला," तोंतोंनी सांगितलं.

"अरे वा! तुम्ही?"

"इथे ओहोटीला बायका समुद्रात गुडघाभर पाण्यात जातात, हातात लांब सळई घेऊन. मी रोज मागे मागे जातो. शिकतोय. त्या हसतात. आज एक दिसला, मी सळई मारली."

"मग?"

"पकडला म्हणजे, वास्तविक त्याने मला पकडलं. मनगटाला. सोडेचना. तिघी बायका धावत आल्या. त्यांतली एक नवी होती, पलीकडच्या गावची. तिने बाकीच्यांना विचारलं, हा म्हातारा कोण? कुठला?"

मी वाट बघितली. तो प्रश्न त्यांना अख्ख्या आयुष्यात किती लोकांनी विचारला होता, आणि त्यावर त्यांच्याकडे किती उत्तरं होती, ते मला माहीत होतं.

"तुम्ही काय सांगितलंत?"

"मला बोलूच दिलं नाही. दुसरी म्हणाली, आमच्या सोलांजच्या घरचा आहे, सोडव त्याला." वाऱ्याचा आवाज आला. "मग मी उगाच धडपड केली नाही. एक मनगट त्या बायांच्या हातात, पायाखाली खडक टोचतोय, चष्मा पाण्यात गेलेला. पण उभा राहिलो, बाई. चांगला ताठ उभा राहिलो."